बाबांचं घोरणं माझ्यातून गेलं

मी एक केबल बोलतेय. फोन आणि कॉम्प्युटरच्या मध्ये आडवी पडलेली असते ना, तीच. माझा स्वभाव जरा घाबरट आहे. कोणी नुसता खण उघडला तरी माझ्या काळजात धस्स होतं.

माझा जन्म कारखान्यातला, हजारभर जुळ्या बहिणींसोबत. पण नीट ओळख व्हायच्या आतच मला डब्यात कोंबलं, ते एकदम या घरातच डोळे उघडले. इथे आई, बाबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक. लेकीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, म्हणजे कोणीही घ्यावं, आत डोकावावं, सुधारावं असं सॉफ्टवेअर. बाबा त्याला 'तुझं ते फुकटातलं' म्हणतात. घरात काहीही बिघडलं, अगदी गीझरसुद्धा, की पहिला संशय त्याच्यावर आणि दुसरा माझ्यावर.

त्या दिवशी आईंचा फोन दुरुस्तीला जायचा होता. "आतलं सगळं पुसलं जाईल हं," असं दुकानदाराने बजावलं होतं. आणि आत होतं बाबांचं घोरणं! आईंनी मोठ्या शिताफीने रेकॉर्ड केलेलं. कारण बाबांचं ठाम म्हणणं, "मी घोरतच नाही." पुरावा नसेल तर ते डॉक्टरांची पायरी चढणार नव्हते, आणि आई बिचाऱ्या कधीपासून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी गादी टाकून झोपत होत्या.

लेकीने मला लावलं. फोन चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामंच.

"केबल गेली वाटतं," लेक म्हणाली.

मी गेले? मी तर होते! तिने मला उपटलं, फुंकर मारली, पुन्हा खुपसलं. काही नाही.

"तुझं ते फुकटातलं," बाबा पेपराआडून म्हणाले. स्वारी भलतीच खुशीत होती.

खरं कारण मला ठाऊक होतं. मला लावलं की फोन दर वेळी विचारत होता, 'या कॉम्प्युटरला फाइल्स दाखवू का?' पण आई फोन कायम पालथा ठेवतात. उजेडाने बॅटरी संपते म्हणे. त्यामुळे तो बिचारा टेबलालाच विचारत बसला होता. आणि मला तोंडं दोन असून उपयोग काय?

"राहू दे गं," आई रडवेल्या झाल्या. "झोपेन मी फ्रिजपाशीच."

"आणा इकडे, मीच देऊन येतो दुकानात," म्हणत बाबा चटकन उठले. त्यांनी फोन उचलला, सुलटा केला. समोर प्रश्न. आता बाबांची एक सवय आहे. फोनने काहीही विचारलं की न वाचता 'हो' दाबायचं, कटकट मिटते.

त्यांनी 'हो' दाबलं.

"बाबा, थांबा! हलू नका!" लेक किंचाळली. मी दचकले, बाबाही दचकले. तेवढ्यात ते अख्खं घोरणं गुदगुल्या करत माझ्यातून पलीकडे गेलंसुद्धा.

लेकीने लगेच ते रेकॉर्डिंग लावलं. वाळूने भरलेला ट्रक चढ चढावा तसा आवाज खोलीभर घुमला.

"हा मी नाही," बाबा म्हणाले. "हे तिचं ते फुकटा..."

इतक्यात रेकॉर्डिंगमधून आईंचा आवाज आला, "अहो, घोरताय!" पाठोपाठ बाबांचा, "छे! मी जागाच आहे." आणि ट्रक पुन्हा सुरू.

बाबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात गं?"

हल्ली आई पलंगावर झोपतात. बाबांच्या उशाशी, घोरू नये म्हणून नाकाला लावायचं यंत्र आलंय, त्याला एक नवी वायर आहे. पोर अजून बावरलेली दिसते. तिला माझा एवढा निरोप द्या: या घरातली माणसं आधी वायरवर ओरडतात, पण झोप लागली की फार गोड दिसतात.