थोरली, धाकटी आणि काकांचा आवाज

आवाजघराच्या मागच्या खोलीत इतका गारवा असायचा, की भर दुपारीही पहाट असल्यासारखं वाटायचं. तिथं दोन यंत्रं शेजारी शेजारी गुणगुणत उभी असत. एक थोरली, दुसरी धाकटी. रेकॉर्ड केलेलं सगळं ठेवायचं साठवण-कपाट मात्र दोघींत एकच. म्हणून जावाजावांसारखा नियम होता. कपाटातली मांडणी बदलायची तर आधी दुसरीला विचारायचं, कुलूप आपल्याकडे घ्यायचं, मगच हात लावायचा.

या दोघींना सांभाळणारीला सगळे किल्लीताई म्हणत.

त्या दिवशी काचेपलीकडे शिंपीकाका माइकसमोर बसले होते. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. पाळण्यातल्या नातीसाठी ते महिनाभर इथं येऊन बोलत होते. आज शेवटचं बोलणं, आणि कपाटात जागा संपलेली.

किल्लीताईनं थोरलीला जागा वाढवायला सांगितलं. पडद्यावर उत्तर आलं, कुलूप मिळत नाही.

"मोबाइलवर घे की गं," किल्लीताईच्या शेजारी उभ्या असलेल्या शिंपीकाकू म्हणाल्या. "एरवी यांना गप्प बसवता बसवत नाही, आणि आज तुझं यंत्र रुसलंय."

"आजचं घेता येईल हो काकू. पण महिन्याभराचं सगळं याच कपाटात आहे. त्यालाच धक्का लागला तर?"

कुलपाशिवाय पुढे जा, असं थोरलीला सांगता येत होतं. एका ओळीचं काम. किल्लीताईचं बोट बटणावर टेकलंसुद्धा. पण ती गुणगुण ऐकता ऐकता तिला दिसलं, दोन बायका अंधारात एकाच फळीवर डबे मांडताहेत. एकीनं ठेवला तिथंच दुसरी ठेवते, आणि पहिलीचा डबा आवाज न करता नाहीसा होतो.

तिनं बोट उचललं आणि ती धाकटीपुढे जाऊन बसली.

कारण तिथंच होतं. मागे थोरली दुरुस्तीला गेली, तेव्हा धाकटीला सांगून ठेवलेलं, घरात तू एकटीच आहेस, कुणाला विचारत बसू नकोस. थोरली परत आली, पण हे धाकटीला सांगायचं राहूनच गेलं. थोरली हाका मारतेय आणि धाकटी ऐकतच नाही, असं चाललं होतं.

किल्लीताईनं दोघींना थांबवलं. खोली एकदम शांत झाली.

"निजल्या का दोघी?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"उठवते आता."

तिनं धाकटीची सेटिंग थोरलीसारखीच केली. आधी दोघींची आपसातली विचारपूस सुरू केली, मग बाकीचं. गुणगुण परत आली, या वेळी एका सुरात. थोरलीनं विचारलं, धाकटीनं हो म्हटलं. कुलूप मिळालं. जागा वाढली.

खात्रीसाठी किल्लीताईनं काकांचं पहिल्या दिवसाचं बोलणं लावलं. "चिमणे, सुईत दोरा ओवताना श्वास धरायचा असतो हं." काचेपलीकडे काकांनी खरंच श्वास धरला.

काकू पलीकडे जाऊन काकांशेजारी बसल्या. माइकजवळचा लाल दिवा लागला.

"आज तरी माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोला," काकू म्हणाल्या.

"उद्यापासून बोलणार आहे," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मनातल्या मनात."

तेही कपाटात गेलं, आणि त्यामागून काकूंचं हसणं.