बाबांचा उजवा कान

धारूरजवळच्या टेकडीवर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. वर खडकावर अंतर्ज्ञानी बाबा बसले होते. माणूस समोर उभा राहायचा अवकाश, बाबा डोळे मिटून त्याचं नाव, गाव, दुखणं घडाघडा सांगायचे. ऐकणारा रडत पायावर पडायचा आणि नारळांचा ढीग वाढायचा.

पायथ्याशी नंबराच्या बिल्ल्यासाठी चन्नप्पा उभे होते. कापडाचे व्यापारी, आवाज असा की अर्ध्या बाजाराला त्यांचा भाव पाठ. सोबत लेक प्रणिता. तिचं लग्न ठेवायचं की मोडायचं, हे आज बाबा सांगणार होते.

झालं असं, की प्रणिताचा साखरपुडा किराणा दुकानदार बसवेशशी झाला होता. मागच्या आठवड्यात चन्नप्पा न कळवता त्याच्या दुकानात गेले. बघतात तर जावई दोन्ही हातांनी साखर तोलतोय, मान उजवीकडे कलती करून 'हूं, हूं' करतोय, मधेच भिंतीला दटावतोय. समोर चिटपाखरू नाही. चन्नप्पा आल्या पावली परतले आणि घरी जाहीर केलं, "पोराला लागीर झालंय, भुतानं धरलंय."

प्रणितानं फोन करून विचारलं, तर बसवेश हसतच सुटला. "अहो, कानात हँड्सफ्रीची वायर होती. हात साखरेत अन् तोंड लातूरच्या व्यापाऱ्याशी. उधारीचं गिऱ्हाईकबी आता मला बघून लांब पळतंय."

दोन हजार चार साल होतं. मोबाईलच मोजक्यांकडे, तिथं कानातली वायर कोण ओळखणार? चन्नप्पांनी ऐकून घेतलं नाही. "वायरीला कोण दटावतं? बाबा सांगतील तेच खरं."

प्रणिताला मनापासून आवडलेलं स्थळ होतं. रडू आवरत ती वर बघत राहिली. एवढ्या उन्हात बाबांनी उजवा कान भगव्या फडक्यात गच्च गुंडाळला होता. आणि प्रत्येक भक्ताच्या वेळी मान उजवीकडे कलती, 'हूं, हूं'. बसवेशची हीच नक्कल वडलांनी घरी चारदा करून दाखवली होती.

इकडे खाली धुळाजी नावाचा सेवेकरी बिल्ले वाटत होता. मोठा मायाळू माणूस. प्रत्येकाला चहा पाजायचा, काय दुखतं-खुपतं विचारायचा, मग कापडी पालाच्या आड जायचा.

चन्नप्पा नारळ घ्यायला गेले, तशी प्रणिता धुळाजीजवळ सरकली. "आमचे आप्पा, चन्नप्पा. माझ्या लग्नाची लई काळजी हाय त्यांना. पण सांगणार कसे? जन्माचे मुके हायेत."

वर चन्नप्पांचा बारावा नंबर आला. बाबांनी डोळे मिटले, मान कलती केली. "चन्नप्पा. लेकीच्या लग्नाचा घोर हाय. पण बोलणार कसा बिचारा? जन्माचा मुका."

"मुका कोण बे?" चन्नप्पा गरजले. "तुझा बाप मुका!"

मग रांगेतून आवाज उठला, "मुका बोलला!" सगळी टेकडी आडवी झाली. मागच्या नंबरची छबुबाई तर जमिनीला कपाळ लावून हुंदके द्यायला लागली. बाबा पक्के. त्यांनी लगेच हात वर केला, "बोल बाळा, अजून बोल."

प्रणितानं कपाळाला हात लावला. चोर पकडायला आली आणि त्याच्या पदरात आणखी एक चमत्कार टाकून बसली. आता लाजून भागणार नव्हतं. ती पुढं झाली, बाबांच्या कानावरचं फडकं ओढलं, आतली वायर काढून थेट वडलांच्या कानाला लावली.

चन्नप्पांनी ऐकलं आणि बाजारच्या आवाजात तसंच्या तसं सांगायला लागले, "तेरा नंबर, छबुबाई, लिंबागणेश. गुडघा धरलाय, सून बघत न्हाई..."

छबुबाई उठून बसली. "आगं बया. ह्ये तर मी चहा पिताना धुळाजीला सांगितलंय."

एकेक जण उठून कपडे झटकू लागला. बाबा तोवर मागच्या उतारावर होते, चपला इथंच टाकून.

उतरताना प्रणिता म्हणाली, "आप्पा, त्यांनी वायर हाय म्हणून सांगितलं, तर तुमी भूत म्हणालात. ह्या बाबानं लपवली, तर देव म्हणालात. कान तेवढा बघायचा राहिला."

चन्नप्पा, आयुष्यात पहिल्यांदा, मुके झाले.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. जावयानं आहेर म्हणून सासऱ्याला हँड्सफ्रीच दिला. आता चन्नप्पा कापड फाडता फाडता हवेशी भांडतात. नवं गिऱ्हाईक दचकून मागं फिरलं, की टोपी वर करून त्याला बोलावतात. "इकडं ये बे. ही वायर. हात लाव, बघ, विचार. अन् मग भ्यायचंच असंल तर भी."