सहा पूर्णांक नऊ

शनिवारी दुपारी बळवंत कुलकर्णी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटेच जेवून उठले, तेवढ्यात निखिलचा मेसेज आला. निखिल ग्रेटर नोएडाच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला होता, राहायला हॉस्टेलवर.

'बाबा, चारही सेमिस्टरच्या मार्कशीट पाठवतोय. सीजीपीए काढता का? इंटर्नशिपचा फॉर्म आज भरायचाय. सात लागतो. मी लॅबमध्ये आहे.'

मुलाने आपल्याकडे काही मागितलं, याचंच बळवंतरावांना अप्रूप वाटलं. एरवी फोनवर 'जेवलास का', 'हो, तुम्ही?' एवढंच बोलणं होई. त्यांनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला. सीजीपीएची, म्हणजे एकूण सरासरीची, रीत मार्कशीटच्या तळाशी छापलेली होती: प्रत्येक विषयाचे दहापैकी गुण गुणिले त्याचे क्रेडिट, म्हणजे भारांक, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट.

पहिलं सेमिस्टर आठ पूर्णांक दोन. दुसरं आठ. तिसऱ्याला चार पूर्णांक सहा.

काहीतरी चुकलं म्हणून त्यांनी पुन्हा मांडलं. चूक नव्हती. चार क्रेडिटच्या गणितात निखिल नापास होता, तिथे शून्य होतं. परीक्षा होती गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली.

त्याच महिन्यात विजयालक्ष्मी, निखिलची आई, गेली. त्याआधी निखिल दिवसभर हॉस्पिटलात तिच्यापाशी बसायचा. बळवंतराव ऑफिसातून संध्याकाळी येत आणि विचारत, 'कॉलेजचं काय रे?' तो म्हणायचा, 'बिल्कुल ठीक, बाबा.' त्यांनी ते खरं मानलं होतं. खरं मानणंच सोपं होतं.

चौथं सेमिस्टर धरून सरासरी सहा पूर्णांक नऊ आली. त्यांनी फोन लावला.

"निखिल, सहा पूर्णांक नऊ येतोय रे. दोनदा काढला."

"हं. माझाही तेवढाच आला होता."

"म्हणजे तू काढला होतास?"

"चार वेळा." तो म्हणाला. "तुम्हाला सांगायचं होतं. तोंडाने जमेना."

बळवंतरावांनी कागदावरच्या त्या शून्यावर बोट ठेवलं. "गणिताचं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आई गेल्यावर तुम्ही तिच्या कपाटापुढे बसून असायचात, बाबा. कसं सांगणार?"

बळवंतरावांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग ते म्हणाले, "चुकलं माझं. मी नीट विचारायला हवं होतं. उद्या येतोस घरी?"

"उद्या नाही. डिसेंबरात तो पेपर पुन्हा द्यायचाय, त्याचा क्लास आहे."

"मग मी येतो. मेट्रोने."

"इतक्या लांब? दीड-दोन तास लागतात."

"लागू देत."

"अच्छा... या मग," निखिल म्हणाला.

फॉर्म राहिला तो राहिलाच. रविवारी दोघं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसले. आईचा विषय निघाला, पण दोन वाक्यांपुढे गेला नाही. चारला निखिल क्लासला गेला. बळवंतराव एकटे स्टेशनकडे निघाले. पुढच्या रविवारी किती वाजता यायचं, ते मात्र विचारून ठेवलं होतं.