बाराव्या दिवशी चाललेला देव

सहदेवाच्या अंगणात त्या दिवशी इतकी माणसं झाली की त्याच्या कोंबड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. त्या पेंढ्याच्या उडवीवर चढून बसल्या. मी फणसाच्या फांदीवर होतो. माझ्या वरच्या फांदीवर पोलीस पाटील.

होतं साधं बारसंच. पण आख्खं कडाव गाव लोटलं होतं ते नुकत्याच मुक्कामाला आलेल्या पाऊलबुवांसाठी. बुवांनी सहदेवाच्या बारा दिवसांच्या पोराच्या तळव्यांना ओलं कुंकू लावलं, काखांत हात घालून त्याला उभं धरलं, पाटावर अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर त्याचे तळवे टेकवले आणि अंमळ पुढं झुकवलं. पोरानं पाऊल उचललं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. फडक्यावर इवली इवली लाल पावलं उमटली.

पुढच्या बायकांनी पदर पसरले.

बुवा ओरडायचे नाहीत, कुजबुजायचे. म्हणून माणसं आपसूक जवळ सरकायची. "वर्षभर रांगायचं काम माणसाच्या पोराचं," ते कुजबुजले. "हा बाळमुकुंद. वैकुंठापास्नं चालत आलाय. दमला असंल, दूध द्या." आणि मग म्हणाले, "मीबी त्याच्यासंगंच चालत आलोय."

त्यांनाही दूध दिलं. तूप दिलं. सहदेवाच्या ओटीवर बुवांचं अंथरूण पडलं ते पडलंच. कोंडाण्यापासून कुंभिवलीपर्यंतच्या गावांतली माणसं येऊ लागली, पावलांची फडकी देव्हाऱ्यात ठेवायला घेऊन जाऊ लागली. पोराच्या तळव्यांवरचं कुंकू काही निघेना.

दीड-दोन महिने असे गेले, आणि देवाचं चालणं मंदावलं. एका गुरुवारी बुवांनी त्याला पाटावर धरलं, तर त्यानं पाय पोटाशी घेतले. पुन्हा टेकवलं, पुन्हा घेतले. मग बाळमुकुंदानं बुवांच्या दाढीकडं पाहून तोंडभर हसून दाखवलं आणि पाटावर मुतला.

कुणी हसलं नाही. मी हसणार होतो, पण बुवांची नजर पाहिली आणि राहिलो. ती नजर दाराआड उभ्या असलेल्या हिरूवर होती, पोराच्या आईवर.

"कुणीतरी पाय बांधलेत," बुवा कुजबुजले. "घरातल्याच कुणीतरी."

त्या दिवसापासून हिरूचं अंथरूण गोठ्यात गेलं. पोर तिच्याकडं द्यायचं ते पाजण्यापुरतं. आणि येत्या अवसेला पोराच्या तळव्यांना तापल्या विळ्याचा डाग द्यायचा, म्हणजे बांधणी जळेल, असं बुवांनी सांगितलं.

हिरू सासूच्या, इंदूबाईच्या पाया पडली. "आत्याबाई, कांद्याच्या पापुद्र्यावानी कातडं हाय त्याचं."

"मला काय हौस हाय का गं?" इंदूबाईचे डोळे रडून सुजले होते. "पन न्हाय डागलं तर जन्माचं लुळं व्हईल म्हनत्यात बुवा. मग तू जबाबदारी घेतेस का?"

 सहदेव विळ्याला धार लावत नव्हता एवढंच त्याच्या बाजूनं सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरूनं पोराला पाजायला घेतलं, पदराखाली झाकलं आणि सरळ कर्जतची एसटी धरली. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर टिपणीस बाई बसायच्या. त्यांनी पोराचे पाय हलवून पाहिले, डोळ्यांसमोर किल्ल्या फिरवल्या, पालथं घालून मान किती उचलतो ते पाहिलं.

"पोर ठणठणीत आहे. हसायला कधी लागला?"

हिरूला हुंदका आवरेना. "ह्ये कुनी इचारलंच न्हाय, बाई. समदी पायच बघत व्हती."

तिनं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू घरी जा. तू सांगून पटणार नाही, मी सांगूनही पटणार नाही. दाखवावं लागेल. अवसेला मी येते."

अवसेला दुपारी अंगण पुन्हा भरलं. चुलीत विळा लाल झाला होता. इंदूबाई पोराला घट्ट धरून बसली होती. डागायला देत होती की लपवत होती, कळत नव्हतं. तेवढ्यात टिपणीस बाई आल्या. मागं कातकरवाडीची भागी, छातीशी फडक्यात गुंडाळलेली तिची आठवड्याची पोर.

"हिला कशाला आणलं?" पाटील गुरगुरले.

"मी इचारलं, कशापायी नेताय माझी लेक?" भागीनंच उत्तर दिलं. "बाई म्हनल्या, तिकडं इळा तापलाय. मंग आले."

बाईंनी पोरीला काखांत धरलं, तळवे पाटावर टेकवले, अंमळ झुकवलं. पोर चालली. बाळमुकुंदापेक्षा झपाझप.

आणि आमचं कडाव काय म्हणालं असेल? अर्धं अंगण भागीच्या पोरीपुढं आडवं झालं. "देवी! देवी!" काल जिच्या सावलीपासून अंग चोरायचे, तिच्या लेकीचे तळवे धरायला रेटारेटी. बुवांनीही संधी साधली. "बघा, देव हितनं उठून तिकडं गेला."

"बरं," बाई म्हणाल्या. "गौराबाई, तुमची लेक बाळंतपणाला आलीये ना? आणा तिचं पोर."

गौराबाईचा नातू आला. तोही चालला.

आता आडवे झालेले उठून बसले. दोन देव एकाच पाटावर, हे जरा अवघड झालं. एक म्हातारा म्हणाला, "बुवा, आता कुनाच्या पाया पडायचं?"

"कुणाच्याच नको," बाई म्हणाल्या. "पोटातून आलेलं प्रत्येक पोर असं पाय टाकतं. तळव्याला काही टेकलं की पाय आपोआप उचलतो. त्याला ना चालायचं कळतं, ना कुठं जायचं. दोनेक महिन्यांत ही चाल जाते, आणि जायलाच हवी. तुम्ही पाहिली नाही, कारण तान्ह्याला आपण आडवंच ठेवतो. सुपात, झोळीत, न्हाऊ घालताना पायांवर. मान धरायच्या आत उभं करत नाही, ते बरोबरच आहे. ह्या माणसानं नेमका त्याचाच फायदा घेतला. एरवी चाल जायच्या आधी गाव सोडत असेल. इथलं तूप त्याला सोडवलं नाही. म्हणून आईवर आळ, आणि पोराला विळा."

सगळे वळले तर ओटीवर बुवा नव्हते. स्वतःच्या पावलांनी निघाले होते, आणि बरेच भरभर.

सहदेवानं उठून विळा चुलीतून काढला आणि पाण्यात टाकला. हिरूनं पोर उचललं. इंदूबाई जागची हलली नाही. "मंग आता कदी चालंल ह्यो, बाई?"

"आधी मान धरेल. मग पालथा पडेल, बसेल, रांगेल. धरून उभा राहील. वर्षाच्या आसपास चालेल. थोडं मागंपुढं झालं तर घाबरू नका. फारच मागं राहिला तर माझ्याकडं आणा, बुवाकडं नको."

गोष्ट इथंच संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण बुवा सापडला नाही. खालापूरकडच्या एका गावात त्यानं पुन्हा पाट मांडला, आणि पुन्हा त्याला तूप सोडवलं नाही. तिथल्या आईला एसटीपर्यंत जाता आलं नाही. ते पोर मी पाहिलंय. आता शाळेत जातं, पावलांच्या कडांवर चालत.

म्हणून एवढंच सांगतो. देव माना, न माना, तुमची मर्जी. पण एका पोरात कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी शेजारच्या घरात जा आणि तिथलं पोर बघा. तेही तसंच करत असेल तर चमत्कार नाही. आणि करत नसेल, तरी विळा तापवू नका. डॉक्टरला विचारा.