तालुका सरकव

नकाशावर काय दाखवायचं ते ठरवता येतं, यावर तात्यारावांचा गाढ विश्वास होता, आणि तो अनुभवातून आलेला होता. हिंजवडीच्या पलीकडच्या त्यांच्या गावातून मोठा रस्ता जायचं ठरलं, तेव्हा पहिल्या नकाशात तो तात्यारावांच्या रानाच्या मधोमध होता. दुसऱ्या नकाशात तो त्यांच्या चुलतभावाच्या, गेनबाच्या रानात गेला. मधल्या काळात तात्याराव चार ठिकाणी चहा प्यायला जाऊन आले होते, एवढंच. नकाशावरचा त्यांच्या शेतीचा हिरवा पट्टा एका पावसाळ्यात घरबांधणीचा पिवळा झाला. ओढा तर कागदावरून असा गेला की ओढ्याला स्वतःला पत्ता लागला नाही. तो बिचारा अजून वाहतो आहे. अशा माणसाला कोणी सांगितलं की नकाशा म्हणजे जमिनीचं चित्र, तर तो हसणारच.

रस्ता रानातून गेल्यापासून गेनबाचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. पण गेनबाने रडत न बसता रस्त्यालगत उरलेल्या तुकड्यावर पक्क्या छताचा लग्नाचा हॉल बांधला. अलीकडच्या बाजूला तात्यारावांनी आईच्या नावाने ‘मुक्ताई लॉन्स’ काढलं. हिरवळ, कारंजं, आणि वर मोकळं आकाश. या मोकळ्या आकाशानेच घात केला. दोन वर्षं ओळीने मे महिन्यात ऐन पंगतीत पाऊस आला आणि जिलेबीचा पाक पातळ करून गेला. तेव्हापासून गिऱ्हाईक यायचं, हिरवळीचं कौतुक करायचं, मान वर करून एकदा आभाळ बघायचं आणि रस्ता ओलांडून गेनबाकडे जायचं.

गिऱ्हाइकांचं एक वेळ सोडा, पण यंदा खुद्द ऋतुजाचं, तात्यारावांच्या लेकीचं लग्न मे महिन्यात ठरलं. नवऱ्या मुलाला रजाच तेव्हा होती. आता तात्यारावांना दोनच गोष्टी हव्या होत्या. लग्न आपल्या लॉनवर कोरडं पार पडावं, आणि छतासाठी गेनबाच्या दारात जायची वेळ येऊ नये.

ऋतुजा वडिलांना म्हणाली, “दादा, गेनबाकाकांना पत्रिका तरी द्या ना. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून जत्रा बघितलीय मी.”

“दोन हजार मानूस येनार हाय,” तात्याराव म्हणाले. “एक न्हाई आला तर काय अडतंय?”

पत्रिका गेली नाही.

पावसाच्या बंदोबस्ताचं काम त्यांनी सूनबाईकडे दिलं. पूर्वा हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची, म्हणजे तात्यारावांच्या मते वायर असलेल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी तिचीच होती. “मोबाईलवरचं हवामान गेनबाकडं बी हाय,” ते म्हणाले. “मला सोताचा उपग्रह पायजे.”

“उपग्रह नाही मिळणार बाबा, पण त्याची चित्रं मिळतील,” पूर्वा म्हणाली. “काही उपग्रह डोक्यावरून जाताना खालच्या ढगांचे फोटो रेडिओवर सोडत जातात. अँटेना असेल त्याला ते पकडता येतात. कुणाची परवानगी काढायला नको.”

परवानगी नको हे ऐकून तात्यारावांचा विरसच झाला. ज्या कामात कुणाला भेटावं लागत नाही, ते काम पक्कं होतं यावर त्यांचा भरवसा नव्हता.

पूर्वाने बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर आणि केबल आणली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या विजयाच्या खुणेतल्या बोटांसारख्या फाकवून गच्चीवर अँटेना उभा केला, लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकलं आणि उपग्रहाची वाट बघत बसली. उपग्रह आला, गेला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की अँटेनाच्या पुढ्यात तात्यारावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उभा आहे. त्याची लोखंडी चौकट सगळा सिग्नल अडवत होती.

“बाबा, तुमच्यामुळे आकाश दिसत नाहीये,” ती म्हणाली.

तात्यारावांना हे आधी कौतुकच वाटलं. मग अर्थ कळला. वाढदिवस होऊन सहा महिने उलटले होते, तरी फ्लेक्स काढायला त्यांचा जीव होईना. शेवटी तो उतरवून फाटकावर लावला, आणि त्या संध्याकाळी पडद्यावर ओळी-ओळीने चित्र उतरू लागलं. काळा समुद्र, करडी जमीन, पांढरे ढग, आणि कोकणचा किनारा अगदी भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा. पूर्वाला एवढा आनंद झाला की ती एकटीच टाळ्या वाजवत सुटली. हे चित्र आकाशातून थेट आपल्या गच्चीवर आलं, मध्ये कुणी नाही, याचंच तिला अप्रूप होतं.

तात्याराव चष्मा लावून म्हणाले, “ह्यात आपलं लॉन कुटं हाय?”

मग तिने चित्रावर नकाशाच्या रेषा टाकल्या, आणि गावाच्या जागी लाल ठिपका दिला. तात्यारावांनी तो तीनदा मोठा करून घेतला. शेवटी तो पुणे शहरापेक्षा मोठा झाला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. पहिल्या दिवशी त्या रेषा किनाऱ्यावर बसतच नव्हत्या. अलिबाग समुद्रात दिसत होतं. पूर्वाने समजावलं, “उपग्रह फार वेगात जातो बाबा. सॉफ्टवेअर लॅपटॉपचं घड्याळ बघून तो कुठे असेल त्याचा हिशेब करतं. घड्याळ थोडं चुकलं की नकाशा सरकतो.” तिने घड्याळ बरोबर केलं आणि अलिबाग पाण्यातून बाहेर आलं. या सगळ्यातलं तात्यारावांच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. नकाशा सरकतो.

फाटकावर मोठा एलईडी पडदा लागला. नारळ फुटला. ‘मुक्ताई लॉन्स, स्वतःच्या अँटेनावर थेट उपग्रह’ अशी पाटी झळकली. लोक थांबून बघू लागले. ढग पांढरे असतात ही गोष्ट गावाने जणू पहिल्यांदाच पाहिली. तात्याराव फाटकाशी सोफा टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला अरबी समुद्र दाखवायचे, स्वतःच खणल्यासारखा.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या अरबी समुद्रात ढगांचा एक जाडजूड गोळा उमटला. लग्नाच्या दिवशी सकाळी उपग्रह पुन्हा गेला, तेव्हा तो गोळा घाट चढून आला होता आणि लाल ठिपका त्याच्या पोटात होता. पूर्वाचा चेहरा उतरला.

“बाबा, आभाळ भरत आलंय, संध्याकाळी नक्की पाऊस आहे. अजून वेळ आहे. समोर काकांचा हॉल आहे. मी जाऊन विचारते हवं तर.”

“त्याच्या दारात न्हाई,” तात्याराव म्हणाले. तेवढ्यात हडपसरहून व्याह्यांचा फोन आला. दशरथराव मूळचे पुण्याच्या पेठेतले, सरळ बोलणं त्यांच्या पथ्यात बसत नसे. “टीव्हीवर पाऊस सांगताहेत. अर्थात तुमच्याकडे उपग्रह घरचाच आहे म्हणा. काय म्हणतोय तो? नाहीतर समोरच्या हॉलमध्ये लग्न लावू, आमची हरकत नाही. आम्ही मुलगी बघितली आहे, लॉन नाही.”

“आमचा उपग्रह एकदम किलियर हाय,” तात्याराव म्हणाले. “फोटू धाडतो.” फोन ठेवून ते सुनेकडे वळले. “पूर्वा, हा ढग जरा त्या गेनबाकडं सरकव.”

“त्यांचा हॉल रस्त्याच्या पलीकडे आहे बाबा. उपग्रहाला एवढं बारीक दिसत नाही. आणि ढग मला हलवता येत नाही. हललाच तर नकाशा हलेल, अख्खा तालुका सरकेल.”

“मग तालुका सरकव.”

घरात पाहुणे, दारात मांडव, नवरी हळदीला बसलेली. अशा वेळी सासऱ्याशी वाद घालणं म्हणजे मंगल कार्यात शिंकणं. “सरकवते,” ती म्हणाली. “पण पावसाला कळवायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही, तेवढं लक्षात ठेवा.”

तिने लॅपटॉपचं घड्याळ दहा-बारा सेकंदांनी हलवलं. तालुका मुकाट उठला आणि उत्तरेला जाऊन जुन्नरच्या अंगावर बसला. मुंबईचा किनारा पालघरच्या दारात गेला. लाल ठिपका ढगाच्या पोटातून निघून कोरड्या आकाशाखाली आला.

आता गंमत अशी, की फोटो व्याह्यांना पाठवला तेव्हा तात्यारावांना ठाऊक होतं की ही लबाडी आहे. पण पडदा फाटकावर होता, आणि ते दिवसभर त्याच्यासमोरून जात-येत होते. दुपारपर्यंत त्यांना ते चित्र खरं वाटायला लागलं. का वाटू नये? रस्ताही आधी कागदावरच सरकला होता. मग खरोखरचं डांबर जाऊन गेनबाच्या रानात पडलंच ना? मांडवावर ताडपत्री टाकायची का, असं मांडववाल्याने विचारलं, तेव्हा ते खेकसले, “पडदा दिसत न्हाई व्हय रं तुला?”

वऱ्हाड आलं. दोन हजार खुर्च्या भरल्या. अंतरपाट धरायला थोडाच वेळ होता, तेवढ्यात वारा सुटला आणि पहिला थेंब दशरथरावांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी तो पुसला, पडद्यावरच्या निरभ्र जुन्नरकडे पाहिलं आणि म्हणाले, “तात्याराव, तुमच्या उपग्रहाला जरा कळवा, इथे पाऊस पडतोय.”

मग तो कोसळलाच. दिवे गेले, पडदा गेला, फुलांची कमान गवतावर आडवी झाली. रस्त्यापलीकडे कुणीतरी घाईघाईने शटर वर केलं, जनरेटरवरच्या दिव्यांचा उजेड बाहेर आला, आणि दोन हजार माणसं शालू-फेटे सावरत तिकडे पळाली. नवरी गेली, भटजी गेले, आचारी पातेली डोक्यावर घेऊन गेले. कुणी कुणाला विचारलं नाही.

तात्याराव एकटे स्टेजवर राहिले. फेट्यातून पाणी गळत होतं. त्यांना संताप आला होता आणि रडूही येत होतं, आणि पावसामुळे त्यातलं कुठलं चाललं आहे ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तेवढ्यात पलीकडून लाउडस्पीकर गरजला, “वधूपिता तात्याराव जिथं कुठं असतील तिथून त्यांनी ताबडतोब मंडपात यावं. मुहूर्त टळतोय.” थोड्या वेळाने तेच पुन्हा. तिसऱ्यांदा आवाज भटजींचा नव्हता, ऋतुजाचा होता. “दादा, या ना.”

ते उठले. चिखलातून त्यांनी रस्ता ओलांडला. कधी काळी आपणच इथे पाठवलेला रस्ता आज त्यांना भलताच रुंद वाटला.

गेनबा दारातच उभा होता, घरच्या कपड्यांत, पायात स्लीपर. त्याने तात्यारावांचा भिजलेला फेटा काढून बाजूला ठेवला आणि खांद्यावरच्या टॉवेलने त्यांचं डोकं खसाखसा पुसलं, लहानपणी विहिरीवर पुसायचा तसं. तात्याराव मान खाली घालून उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, “एवढी लग्नसराई, आन् तुजा हॉल रिकामा कसा?”

“घरात लगीन असल्यावर भाईरचं बुकिंग कोन घेतंय?” गेनबा म्हणाला. “आन् बोलावनं न्हवतं म्हनून घरीच हुतो. आलो असतो तर कुलूप कुनी उघडलं असतं?”

आत मंगलाष्टकं सुरू होत होती. दाराशी अक्षतांचं ताट घेऊन पूर्वा उभी होती. तात्यारावांनी त्यातल्या मूठभर अक्षता उचलल्या आणि गेनबाच्या ओंजळीत दिल्या. गावात भावकीला लग्नाचं बोलावणं असंच देतात, फक्त लग्नाच्या आधी.