लाल कड्याची वाळू

कपाटातले कप किणकिणले. ओडीलच्या स्वयंपाकघरात सगळे जेवायला बसले होते.

"कुंपणाचा खांब गेला वाटतं," तिचे सासरे तेओफील म्हणाले. घरात सगळे त्यांना पेपे, म्हणजे आजोबा, म्हणत.

"गेला कुठे, पेपे? किनाऱ्यावर उतरलाय. तुमच्यापेक्षा चपळ निघाला," ओडील म्हणाली, पण तिचा घास हातातच राहिला.

मित्रांनो, तो हादरा माझा होता. मी प्रिन्स एडवर्ड बेटावरचा एक जुना लाल कडा आहे. ओडीलचं घर माझ्या माथ्यावर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मी झिजलेल्या डोंगरांचा गाळ होतो. नद्यांनी मला वाहून आणलं, थरांवर थर बसले, लोखंडाच्या गंजाने रंग दिला. मग माझ्यावरून हिमनद्या सरकल्या. बर्फ वितळलं आणि समुद्र चढत चढत माझ्या पायाशी आला. तेव्हापासून तो मला कुरतडतो आहे. थंडीत भेगांमधलं पाणी गोठतं, भेगा रुंदावतात, आणि बर्फ सुटलं की मी ढासळतो. मला वाटायचं, आपण मरतो आहोत.

म्हणून त्या हादऱ्यानंतर तेओफीलनी ट्रकभर धोंडे आणून माझ्या पायाशी रचले, तेव्हा मला भरून आलं. एवढं माझं कुणी केलं नव्हतं.

"आता ये म्हणावं," ते समुद्राकडे बघून म्हणाले.

काही वर्षं मी कणभरही ढळलो नाही. मग या शरदातल्या वादळात पलीकडचा वाळूचा दांडा, समुद्रात शिरलेला तो लांब पट्टा, फुटला. गावाच्या होड्या त्याच्याच आडोशाला असायच्या. ओडीलचा भाऊ उलीस चिंब होऊन दारात आला.

"होडी गेली तुझी?" तिने विचारलं.

"आहे ना. धक्क्यावर चढून बसलीये, अंड्यावर कोंबडी बसावी तशी. पण दांडा संपला, ओडील. त्याची वाळू तुमच्या कड्यातून यायची. ते धोंडे काढा."

"आणि आम्ही कुठे जायचं? तुझ्या त्या कोंबडीखाली?"

मी सुन्न झालो. तो दांडा म्हणजे मीच होतो. माझा पडलेला तुकडा न् तुकडा लाटा दळत होत्या, प्रवाह पलीकडे नेऊन रचत होते. ज्याला मी मरण म्हणत होतो, त्यावर अख्खं बंदर उभं होतं. मला जपायला आलेल्या मायेच्या हातांनीच ते मोडलं.

मित्रांनो, आम्हा कड्यांवर माया करा, पण आम्हाला झिजायला वाव ठेवा. घर बांधाल तर पुष्कळ मागे बांधा. ओडीलच्या घरामागे आता रस्ता आहे. घराला मागे सरकायला जागाच नाही.

ओडीलची सात वर्षांची मिरेय इतका वेळ आईचं आणि उलीसचं बोलणं ऐकत होती. तिने आईची बाही ओढली.

"आई, वाळूला आपलं घर हवंय का?"