किटलीचा जुना बिघाड

मित्रांनो, मी एक जुनी विजेची किटली आहे. इंग्लंडमधल्या एका कोर्टात, ज्यूरीच्या म्हणजे निकाल ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या खोलीत राहते. इथलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. पण ती शपथ बारा जणांची, माझी नव्हे.

कारखान्यातून आले तेव्हा मी चकचकीत होते. माझ्या चहाचं सगळे कौतुक करायचे. मग एकदा माझ्यात बिघाड झाला आणि मजल्यावरचे दिवे गेले. दुरुस्ती झाली, पण नाव खराब झालं ते झालंच. तेव्हापासून दिवा नुसता लुकलुकला तरी मला भीती वाटते, पुन्हा माझंच नाव येणार.

त्या दिवशी क्लिफर्ड हॅडलीचा निकाल ठरायचा होता. आरोप औषधांचं दुकान फोडल्याचा. साक्षीदाराला अंधारात दिसली चोराची फक्त पाठ. पण क्लिफर्डला अशाच चोरीसाठी पूर्वी दोनदा शिक्षा झाली होती. न्यायाधीशांनी बजावलं होतं, ती विचारात घ्या, पण केवळ तिच्या जोरावर दोषी ठरवू नका.

"विचार कसला करताय?" ग्लिन नावाचा खाटीक बिस्किट मोडत म्हणाला. "दोनदा केलं, तिसऱ्यांदाही यानंच केलं. चला घरी!"

माना डोलल्या. मी भीतीने गारठले. तेवढ्यात दिवे गेले.

"ही किटली!" ग्लिन ओरडला. "सकाळीच पट्टेवाला म्हणाला, मागंही हिनंच घोळ घातला होता. फेका तिला!"

ज्यूरीच्या प्रमुख नॉरीनबाई, शाळेत मुलांना जेवण वाढणाऱ्या, चाचपडत आल्या आणि त्यांनी माझी वायर ओढली.

"अहो ग्लिन, प्लग लावलेलाच नाही! दूध नाही म्हणून चहाच केला नाही, मघापासून कोरडं बिस्किट चावताय ना?"

कुणीतरी फिस्कन हसलं. थोड्या वेळाने दिवे आले.

"आता त्या साक्षीदारानं काय पाहिलं, तिथून सुरू करू या का?" नॉरीनबाई म्हणाल्या.

"पाठ," ग्लिन पुटपुटला. "नुसती पाठ."

संध्याकाळी बाराही जण 'निर्दोष' सांगायला गेले. माझा जीव भांड्यात पडला. पण मग पट्टेवाला आला. "दिवे गेले होते म्हणे. पुन्हा हीच बया!" म्हणत त्याने मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. छत्री न्यायला परतलेल्या नॉरीनबाई दारातच होत्या. त्यांनी तोंड उघडलं. शपथ आठवून मिटलं. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, हे त्यांनी फारच मनावर घेतलं होतं.

उद्या भंगाराची गाडी येईल. मला फार भीती वाटते. मित्रांनो, माझा जुना बिघाड खरा आहे, तो लपवू नका. पण दिवे गेले, तर आधी माझा प्लग बघा.